पायांनी वाचायची पट्टी

आमच्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनात फरशीवरून एक पिवळी, खडबडीत पट्टी जाते. मला ती इतके दिवस नक्षीच वाटायची, बाई! यांची नजर गेली आणि मग यांच्याच पायांनी मला ती वाचून दाखवली. लांबट उंचवटे लागले की चालत राहायचं, गोल ठिपके लागले की थांबायचं. जमिनीच्या पोटात कुणीतरी आंधळ्यांसाठी एवढी माया अंथरून ठेवलीय, आणि आपण डोळस माणसं ती नुसती तुडवत जातो.

एक जण तर रोज त्या पट्टीवरच उभा असतो, मोबाइलात मुंडी घालून. परवा हे त्याला धडकले.

"दिसत नाही का, आजोबा?" तो खेकसला.

"नाही हो. चुकलं माझं," हे म्हणाले. उभ्या जन्मात माझ्याकडे कधी चूक कबूल न केलेला माणूस! ते 'चुकलं माझं' दोन दिवस माझ्या घशाखाली उतरेना.

आज यांना बाकावर बसवलं, यांची पांढरी काठी घेतली आणि पट्टीवरून नाकासमोर चालत गेले. काठी त्याच्या नडगीवर सणसणीत बसली.

"आई गं! दिसत नाही का, आजी?"

"दिसतं की, बाळा. म्हणून तर नेम बसला."

तो लंगडत बाजूला झाला. मी यांना काठी परत दिली. हे तळव्यांनी पट्टी चाचपत ऐटीत निघाले.

"आज वाट मोकळी दिसतेय गं," म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "आत्ताच झाडून घेतलीय."