आधी तुम्ही प्या

काल इथं सुरतेत शेजारच्या खोलीत कुणीतरी अडुळसा उकळला, आणि त्या वासानं मला परतूरला नेलं. सातवीतच शाळा सुटल्यावर मी तिथं आजारी ताईच्या मदतीला तिच्या घरी राहायला गेल्ते. एका रविवारी दुपारी टीव्हीवर जुना, काळा-पांढरा सिनेमा लागला. त्यातला नवरा दुसरीच्या नादानं बायकोला सरबतातून रोज थोडं थोडं विष देतो, आणि वरून प्रेमानं तिचं डोकं चेपतो.

आमचे दाजीही रोज ताईचं डोकं चेपायचे. तरी ताई वाळतच चालली होती. सिनेमा संपला तेव्हा ते स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून तिचा अडुळशाचा काढा गाळत होते. मी उठून त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले.

“दाजी, आधी तुम्ही प्या.”

“काहून, मेव्हणीबाई? खोकला मला झाला का तिला?”

“तरी बी प्या.”

त्यांनी टीव्हीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. मला वाटलं, आता आपल्याला गावी धाडतात. पण ते मोठा घोट प्यायले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “मेलो न्हाई. ने आता.”

ताई बरी होईपर्यंत रोज पहिला घोट दाजींनीच घेतला, मला दिसेल असा. ताईला मात्र त्याचं कारण त्यांनी कधीच कळू दिलं नाही.