अर्थिंगचा तंबोरा

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी जुन्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवताना मागे सतत घूंऽऽ असा आवाज यायचा. शेवटी वैतागून मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लेअर चालू केला, चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले आणि त्याच्या पत्र्याच्या खोक्यावर अलगद एक बोट टेकवलं. आवाज बंद!

"अर्थिंग नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली. "तंबोरा का बंद केलात?"

आठ वर्षं ती याच तंबोऱ्यावर रियाज करत होती! मी कपाळाला हात लावला. तो मात्र हसला नाही. "अक्का, सा लावा."

आईने लावला. त्याने बोट उचललं. सूर तंतोतंत जुळला.

अर्थिंगची वायर न जोडताच त्याने पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाला, "गाणं सरी, एकदम बरोबर आहे, अक्का. फक्त करंट गेला की स्वल्प थांबा."