योसेफिनच्या आईचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. पुण्याला आईला तर नाहीच — तिने मला उभं-आडवं घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला असता. तसा तो संपायला नको आहे. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. असो, ऐका.

आम्ही इकडे डच लोकांच्या देशात, आल्मेरेला राहतो. नवरा हूफडॉर्पला आयटीत, मी इतिहासवाली — म्हणजे आमच्या मित्रमंडळींच्या हिशेबात रिकामटेकडीच. पीएचडी झाल्यावर एका जुन्या मिशनच्या संग्रहात मला नोकरी लागली. सुरिनामला, तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेल्या पाद्र्यांनी काढलेले तिथल्या आदिवासींचे फोटो, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या. फोटोंवर बहुतेकदा नाव नसतं, ‘नदीवरची मुलगी’ असलं काहीतरी लिहिलेलं. नोंदवहीत नाव असतं, पण चेहरा कुठून असणार? या दोन्हींची सांगड घालायची, हे माझं काम. आणि त्यात एक नियम — दुसऱ्या कुणीतरी ताडून पाहिल्याशिवाय घरच्यांना काही सांगायचं नाही.

योसेफिन आमची शेजारीण. ऐंशीच्या घरातली, सुरिनामच्या त्याच नदीकाठच्या आदिवासींमधली. माझी लेक शाळेतून आली की आधी तिच्याकडे जायची, ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणायची तिला. बाई फटकळ. माझ्या पोळ्या जाड होतात हे तोंडावर सांगणारी आल्मेरेत ती एकटीच. तिला जन्म देऊन तिची आई गेली होती. हिला नन्सनी वाढवलं. आईचं आणि आजोबांचं नाव तेवढं ठाऊक; फोटो नाही, काही नाही. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “आरशात बघते ना, तेव्हा कळत नाही, यातलं तिचं काय आहे.” बस्स, एवढंच. मागितलं काहीच नाही.

मीच पेटले. शोधत सुटले. आणि नोंदवहीत सापडली की — कॉर्नेलिया. गाव तेच, साल आणि बापाचं नाव जुळत होतं. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं: कॉर्नेलिया, धाकट्या भावासोबत. दहा-अकरा वर्षांची मुलगी, हनुवटी वर केलेली, शेजारी भाऊ, त्याच्या हातावर पोपट. तो शुक्रवार होता. रविवारी योसेफिनचा वाढदिवस. ताडून पाहणारी सहकारी सुट्टीवर. म्हटलं, यात आणखी ताडायचं काय डोंबल?

वाढदिवसाला इथल्या रीतीप्रमाणे सगळे गोलात खुर्च्या मांडून केक खात बसले होते. मी फ्रेम तिच्या हातात दिली. ती उठली, फ्रेम घेऊन पॅसेजमधल्या आरशासमोर गेली. बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा म्हणाली, “हनुवटी. हनुवटी तिची आहे.” आणि रडली. तिचा मुलगा रडला. मीही रडले, अगदी मनापासून. तोवर मी खोटारडी नव्हते, एवढं मात्र खरं.

मग काय, मी हवेत. गणपतीत मराठी मंडळात भाषण ठोकलं, तो फोटो पडद्यावर दाखवला. ऑफिसने माहितीपत्रकात आम्हा दोघींना छापलं. आणि त्यानंतर काही महिन्यांनी मी आणखी एक खोका उघडला.

त्यात मिशनच्या शाळेचा फोटो होता. मागे रांगेने नावं, प्रत्येकीच्या बापाच्या नावासकट. कॉर्नेलिया दोन होत्या. एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या दोन मुलींना पाद्र्याने एकच नाव दिलं होतं — नोंदवहीचं पुढचं पान उलटलं असतं तर मला तेव्हाच दिसलं असतं. पोपटवाल्या मुलाची बहीण ती दुसरी. योसेफिनची आई मागच्या रांगेत टोकाला उभी होती. रुंद कपाळ, आत गेलेली हनुवटी, डोळे मिटता मिटता टिपलेले. ते कपाळ मी रोज शेजारी बघत होते. ताडून बघायची गरजही नव्हती.

मी काय केलं? फोटो परत खोक्यात ठेवला. यादीत चढवलाच नाही. मनाला सांगितलं, म्हातारीचं मन कशाला मोडायचं? छान वाटतं असं म्हणायला. पण माझी नोकरी कायम व्हायची होती आणि मला चारचौघांत हसं करून घ्यायचं नव्हतं. नियम मोडला, चुकीच्या माणसाला आई म्हणून फ्रेम करून दिली, वर टाळ्या घेतल्या — हे कोण कबूल करणार? मी तरी केलं नाही.

पुढच्या वर्षी सुरिनामहून एक बाई आमच्या संग्रहात आली. शाळेत शिकवणारी, थोड्याच दिवसांसाठी आलेली. म्हणाली, माझ्या आजीचा धाकटा भाऊ नदीत बुडाला. त्याचा पोपट घेतलेला एकच फोटो पाद्र्याने काढला होता, म्हातारी मरेपर्यंत त्याचीच आठवण काढायची. मी कीबोर्डवर काहीतरी बडवलं, नुसती अक्षरं. स्क्रीनकडे बघून म्हटलं, “माफ करा, आमच्याकडे असं काही नाही.” तिने माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले.

तिचा पत्ता माझ्याकडे आहे. मी लिहिलेलं नाही.

योसेफिन गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी फ्रेम उशाशीच असायची. फोटोतल्या त्या पोपटवाल्या मुलातही तिचा जीव गुंतला होता. एकदा तिने विचारलं, “मामाचं काय झालं गं पुढे?” मी म्हटलं, “नदीत बुडाला.” एका बाईने माझ्याकडे आणलेलं तिच्या घरचं दुःख मी असं हिच्या हाती देऊन टाकलं. योसेफिन त्याच्यासाठी दोन दिवस रडत होती.

अंत्यविधीला मुलाने फ्रेम शवपेटीवर ठेवली आणि मला बोलायला लावलं. मी उभी राहिले, सगळ्यांसमोर म्हणाले — योसेफिनला अखेर तिची आई भेटली.

भेटली नव्हती. तिची आई मी पाहिली होती. योसेफिन जिवंत होती, भिंतीपलीकडे राहत होती, आणि मी ती तिला दाखवली नाही.