आहेवेवरची लढाई

रविवारी सकाळी मी आठवड्याच्या कामांची यादी करत होते, तेवढ्यात भावाचा फोन आला.

"आक्का, आहेवे म्हंजी काय?"

"कुठं वाचलंस?"

"आपल्याच पुस्तकात. पान अकरा. 'आहेवेवर हल्ला करा.'"

लगेच लक्षात आलं. तो हायवे होता.

माझा धाकटा भाऊ पिंपळीत शेती करतो आणि सहा वर्षांपासून एकमेकांशी लढणाऱ्या यंत्रमानवांची चित्रकथा काढतो. चित्रं त्याची. फुग्यांतले संवाद तो चिठ्ठ्यांवर लिहून देतो आणि इंदापुरात शाळेतली कारकुनी संपली की मी ते टाइप करते. टाइप झालेल्या चिठ्ठीवर टिक करायची आणि ती रद्दीत टाकायची, ही माझी पद्धत. घरात पसारा नको. आजवर कुठंच न छापलेले पहिले तीन भाग आता पुण्याचा एक प्रकाशक एकत्र छापणार होता. फाइल सोमवारी द्यायची होती.

शनिवारी मी भाषा साफ केली. कुणी सांगितलं नव्हतं. संगणकाला एक हुकूम दिला की सगळीकडचा शब्द बदलतो. आधी 'न्हाय'चं 'नाही' केलं, मग 'हाय'चं 'आहे'. उलट केलं असतं तर 'न्हाय'मधलाही 'हाय' बदलला असता. क्रम चुकू दिला नाही याचं समाधान वाटलं होतं. हायवे लक्षातच आला नाही, आणि रात्रीच फाइल भावालाही पाठवली.

"एकच शब्द आहे," मी म्हणाले, "दोन मिनिटांत सुधारते."

"शब्द जाऊ दे गं. माझी माणसं कुठं गेली?"

मग त्यानं समजावलं. दोन्ही फौजा एकाच साच्यातल्या. चित्रं काळीपांढरी, चेहरे सारखे. एक फौज कारखान्याच्या आवारात राहिली, ती आहे-नाही म्हणते. दुसरी उसाच्या रानात माणसांत वावरली, ती हाय-न्हाय म्हणते. कोण कुणाचा, ते फक्त तोंड उघडल्यावर कळतं.

"आता समदे एकाच बाजूचे. लढाई मिटवलीस की!"

सहा वर्षं मी टाइप करत होते आणि मला त्या शुद्धलेखनाच्या चुका वाटत होत्या. जुनी फाइल नव्हती, तिच्यावरच नवी साठवली होती. चिठ्ठ्याही नव्हत्या.

दहाच्या गाडीनं बारामतीला आणि तिथून पिंपळीला गेले. भावजयीनं चहा ठेवला. "वन्सं, बसा निवांत. ह्यांच्यापरीस ते रोबोट बरं बोलत्यात," ती म्हणाली आणि आत गेली. भाऊ हसला नाही.

मग काम. तो मूळ चित्र बघून सांगायचा, "ह्यो रानातला," "ह्यो आवारातला," आणि मी बदलायचे. पहिला भाग तासाभरात झाला. दुसऱ्यात त्याची उत्तरं रेंगाळायला लागली. माझी पाठ भरून आली होती. एका पानावर दोन यंत्रमानव पाटात पडलेले, एकाचा हात तुटलेला. फुगा त्याचाच: 'मी मागे फिरणार नाही.'

भावानं चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आठवत न्हाय."

मागची चार पानं बघितली. दोन्ही बाजूंनी जमत होतं.

"तू ठरीव," तो म्हणाला.

"मी कशी ठरवू? मी फक्त दुरुस्त करते."

"व्हय. बघितली की दुरुस्ती."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. उद्या हे पुस्तक त्याच्या नावानं जाणार होतं. मी 'न्हाय' टाइप केलं. त्यानं वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं. तिथं तोच तुटक्या हाताचा उठून कारखान्याकडं चालला होता, आणि पुढं नऊ पानं तोच बोलत होता. आता तो घरी परतत नव्हता, शत्रूवर चालून जात होता, आणि प्रत्येक ठिकाणी 'न्हाय'च लिहावं लागणार होतं.

"चालंल," भाऊ म्हणाला. "लिही."

अजून सदतीस पानं राहिली होती.