झऱ्याचा नमुना

मेढ्याजवळच्या बंद खाणीखाली एक झरा आहे. त्याच्या पाण्याचा नमुना तपासणीला नेणं माझं काम; पण उतार अवघड म्हणून मी झऱ्याच्या नावाने वरच्याच हातपंपाचं पाणी बाटलीत भरलं. अहवाल चांगला आला.

पुढच्या खेपेला मात्र उतरलो. झऱ्यावर एक म्हातारी म्हशीला चुचकारत होती. म्हैस पाणी हुंगून मान फिरवत होती. माझा घाम पाहून म्हातारीने तांब्या विसळला आणि भरून पुढे केला.

"घ्या सायब, लय गार हाय."

"म्हैस तर पीत नाही."

ती हसली. "पानी चांगलं म्हनून पंचायतीत कागद लावलाय. हिला कुटं वाचाय येतंय? आमी पितो की रोज."

तांब्या हातात धरून मी खाली बसलो.

"मावशी, तो कागद माझ्यामुळे खोटा आहे. मी इथवर आलोच नव्हतो. तपासेपर्यंत हे पिऊ नका. चुकलं माझं, माफ करा."