रजईची मजुरी

सुनेने रजई मशीनवर शिवायला टाकली होती. दुकानदाराने दर आधीच सांगितला, तिने तिथल्या तिथे घासाघीसही केली. आज रजई घरी आली आणि नव्या कापसाचा वास येताच मला काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराचा उंबरा दिसला.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. दुसऱ्या दिवशी ताई सासरी निघायची होती आणि रजयांना टाके घालणारी जुबैदा तिची तयार रजई घेऊन दारात बसली होती. माझे वडील, अप्पा, वैदिक. दक्षिणा किती देणार, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं, तसा जुबैदालाही दर विचारला नव्हता. त्यांनी तबकात विडा ठेवला, त्याशेजारी दोन रुपये ठेवले आणि यजमान दक्षिणा देताना त्यांना म्हणत तेच म्हणाले, "जो बना, सो स्वीकार करो."

जुबैदाने हात पुढे केला नाही. "पंडितजी, ई दान है कि मजूरी?"

अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. तिने रजई उचलून खांद्यावर टाकली. ताई रडायला लागली. आई दाराआडून म्हणाली, "अहो, विचारा ना!"

"कितना हुआ?" अप्पांनी शेवटी विचारलं.

"डेढ़ रुपया."

तिने दोन रुपये घेतले, कनवटीची आठ आण्यांची अधेली काढून तबकात ठेवली, विडा तोंडात घातला आणि रजई ताईच्या हातात देऊन निघून गेली.

तेव्हा मला ती फार उद्धट वाटली होती. आज आठवतात ते अप्पाच. ताई गेल्यावर ते एका यजमानाकडे जाऊन आले, दारातच उपरण्याची गाठ सोडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दक्षिणा मोजली, आणि "दान कि मजूरी?" असं स्वतःशीच म्हणत उंबऱ्यावर बसले.