नळीच्या मॅगझिनमधली टोकदार गोळी

आधी माफी मागतो. सिंगापूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात मोठ्या हुद्द्यांवरची माणसं लिहितात. मी अजून शिकतोय, आणि आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. तरी हरणाच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडावं, या विषयावर लिहायला बसलोय. हे आगाऊपणाचं आहे, मला कळतं. पण या एका प्रश्नावरून ऑफिसमध्ये जे झालं, ते मनातून जात नाही.

"दाब ना रे ते," माझे साहेब, प्रसाद सर म्हणाले. "इतका विचार तर मी लग्नाच्या वेळीही केला नव्हता."

"ते" म्हणजे अप्रूव्हचं बटण. सिंगापुरात पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट क्लायंटच्या वेबसाइटवर जाण्याआधी दोघांची मंजुरी लागते. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. तपासणारे सीनियर दिवाळीसाठी पुण्याला गेले होते, म्हणून त्यांचा अधिकार तात्पुरता मला दिला होता. मी इंटर्न. इंटर्नशिपनंतर मला कायम घ्यायचं की नाही, हे प्रसाद सर ठरवणार होते. घेतलं तर कंपनी माझ्या एम्प्लॉयमेंट पाससाठी, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्यासाठी, अर्ज करणार. नाही घेतलं तर डिग्री घेऊन देवगडला परत. बाबा जहाजावर फिटर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे त्या पासकडे फक्त मीच नाही, सगळं घर डोळे लावून होतं.

क्लायंटचं अमेरिकेत शिकारीच्या सामानाचं दुकान. मालकाचं नाव डेल. त्याला वेबसाइटवर एक सोय हवी होती: गिऱ्हाइकाने चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि त्याच्या रायफलसाठी योग्य काडतुसाचा बॉक्स समोर यायचा. काम आलं तेव्हा प्रसाद सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोकणातले ना? रानडुकरं वगैरे? मग हे तुझंच."

माझ्या काकांकडे शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक आहे, हे खरं. पण तिच्यात दारू आणि छर्रे वरून ठासतात. काडतूस नसतंच. हे मी सांगितलं, पण तोवर मीटिंग संपली होती. बाकीच्यांना तर तेवढंही माहीत नव्हतं. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय एक काडतूस खिशात सापडलं तरी तुरुंग आहे. ज्या वस्तूला आमच्यापैकी कोणी कधी हात लावला नव्हता, ती निवडून देणारं यंत्र आम्ही बनवत होतो.

आणि बनवलं कसं? आधी आम्ही एका क्लायंटसाठी पळण्याचे बूट निवडून देणारं टूल केलं होतं. तेच उचललं. बुटाच्या साइजच्या जागी रायफलचं कॅलिबर, म्हणजे तिला कुठल्या मापाचं काडतूस लागतं ते, टाकलं. "किती पळता" च्या जागी "किती लांबून मारता". "गुडघे दुखतात का" च्या जागी "खांद्याला धक्का किती चालेल". चौथा प्रश्न, कुठला प्राणी. हसू नका, टूल चांगलं चालत होतं.

थोडं समजावून सांगतो. काडतूस म्हणजे पितळेची एक पुंगळी. आत दारू, पुढच्या तोंडाला गोळी, आणि मागे बुडाशी मधोमध एक छोटी टोपी, तिला प्रायमर म्हणतात. रायफलची पिन प्रायमरवर आपटली की ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी सुटते. हरणासाठी अशी गोळी घेतात जी आत शिरल्यावर फुलते, म्हणजे जनावर लगेच पडतं, जखमी होऊन जंगलात तडफडत राहत नाही. यातही टोकदार गोळी हवा चांगली कापते आणि लांबवर सरळ जाते. त्यामुळे आमचं टूल टोकदार गोळीला जास्त मार्क द्यायचं.

मी खोटी गिऱ्हाइकं बनून टूल तपासत होतो. एकदा "थर्टी-थर्टी" हे कॅलिबर टाकलं. हे तिकडे हरणाच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अंतर थोडं लांबचं टाकलं. सगळ्यात वर एक बॉक्स आला, कडक टोकाच्या गोळ्यांचा. मला फोटोत ती गोळी छान वाटली. मग ही रायफल भरतात कशी, ते बघावं म्हणून व्हिडिओ लावला.

या कॅलिबरच्या बहुतेक रायफलींना खाली लांब नळी असते, तेच मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा. काडतुसं त्या नळीत एकामागे एक आडवी सरकवतात. म्हणजे मागच्या काडतुसाची गोळी थेट पुढच्याच्या बुडाला टेकते. बुडाला काय असतं? प्रायमर. रायफल उडाली की धक्का बसतो, आणि नळीतली सगळी काडतुसं एकमेकांवर आदळतात. गोळीचं तोंड चपटं असेल तर काही होत नाही. कडक आणि टोकदार असेल तर ते टोक पिनचं काम करू शकतं, आणि पुढचं काडतूस नळीतच फुटू शकतं. आणि ती नळी असते माणसाच्या डाव्या हातात.

शेजारी वेई लिंग बसते. ती इथलीच, टेस्टिंग करते. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने दोनदा बघितला.

"वाह, दिस वन कॅनॉट लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे हे चालायचं नाही. "यू बेटर टेल प्रसाद."

सांगितलं. प्रसाद सरांनी मान हलवली. "टोकदार चालतात. मी वाचलंय."

"सर, मऊ टोकाच्या चालतात, त्या खास नळीसाठी बनवतात. ही कडक आहे. एकेक काडतूस हाताने भरायच्या रायफलीसाठी आहे."

"बरं. मग?"

"मग मॅगझिन कसलं आहे, हा पाचवा प्रश्न घालू या."

"आणि कुठल्या बॉक्सला काय चालतं, हे कोण भरणार? डेल? त्याचा शिकारीचा सीझन उघडतोय. उद्या सकाळी कॉल आहे, तो हो म्हणाला की दाबायचं. आणि कॉलवर तू म्यूट."

इंटर्नने क्लायंटसमोर बोलायचं नाही, हा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे. मी तो पाळत आलो होतो. दुसऱ्या दिवशी डेल स्क्रीनवर आला, खुशीत होता. प्रसाद सर म्हणाले, सगळं तयार आहे. मी म्यूट काढला.

"डेल, तुमचं टूल नळीच्या मॅगझिनसाठी कडक टोकदार गोळी सुचवतंय."

प्रसाद सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी टेबलावर चढलो होतो.

डेल हसला. "पोरा, ती नळीत घालायची नसते, हे आमच्याकडे प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असतं."

"मग हे टूल कोणासाठी आहे? तुमच्या पानावर वरच लिहिलंय, 'पहिलीच रायफल? आम्ही निवडून देतो.'"

डेलने विचारलं, "तुमच्यापैकी रायफल कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. म्हणूनच विचारतोय."

"तुमचं तुम्ही ठरवा आणि मला कळवा," एवढं बोलून त्याने कॉल संपवला.

प्रसाद सर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले. "हे बघ, मी तुझ्या बाजूचा आहे. आता हे सोडू, सीझन संपला की दुरुस्त करू. दाब."

"नाही सर."

"तुझं कन्व्हर्जन, तुला कायम करणं, माझ्याकडे आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

"आणि तरी नाही?"

"तरी नाही. ज्याला काही कळत नाही असाच माणूस आपलं ऐकणार आहे, सर."

त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला सीनियरला फोन लावला, स्पीकरवर. मागे भांड्यांचे आवाज, कोणीतरी चकली मागत होतं. "अरे, मोबाइलवरून एक अप्रूव्हल दे पटकन."

"इंटर्न का देत नाहीये?"

प्रसाद सरांनी सांगितलं. पलीकडे चकली मोडल्याचा आवाज आला.

"मी सुट्टीवर आहे रे," सीनियर म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बाबांना रेंज मिळाली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते शाबासकी देतील.

"अरे, सायब सांगता तर दाब मा," बाबा म्हणाले. "जबाबदारी सायबाची. तुका कोण इचारूक येतलो?"

मी म्हटलं, "कोणी येणार नाही. म्हणूनच नाही दाबणार." त्यांनी सुस्कारा टाकला आणि जेवलास का विचारलं.

टूल लटकलं. डेलचा सीझन त्याच्याशिवाय उघडला. मला बुटांच्या फोटोंची बॅकग्राउंड काढायचं काम मिळालं. ते मी नीट केलं. शेवटच्या आठवड्यात एचआरने कळवलं की सध्या जागा नाही. प्रसाद सरांनी हात मिळवला आणि म्हणाले, "हुशार आहेस. ऐकत नाहीस." मला यातलं पहिलं खरं वाटत नाही. दुसऱ्याबद्दल मला वाईटही वाटत नाही. काडतूस निवडताना सगळ्यात चांगलं कुठलं, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, हे कशात घालणार आहात. एवढंच मी शिकलो, आणि त्यासाठी पास गेला. आता दुसरीकडे अर्ज टाकतोय.

हे लिहून मी थांबणार होतो. पण काल वेई लिंगचा मेसेज आला. टूल लाइव्ह झालंय. पहिलाच प्रश्न मॅगझिनचा आहे. "नळी" निवडली की कडक टोकाचे बॉक्स दिसतच नाहीत. बॉक्सची माहिती डेलने स्वतः बसून भरली. मी तिला विचारलं, मॅगझिनचा प्रश्न कोणी घातला? परत आलेल्या सीनियरनी?

तिचं उत्तर आलं: "नो लाह. फिफ्थ क्वेश्चन प्रसाद रोट हिमसेल्फ. ही सेड मस्ट बी फर्स्ट."